जेटमधून निघणारे भोवरे शेपटीच्या फिनवर कसा परिणाम करतात?

प्रवाहरेषा (प्रश्न):
नमस्कार. विमानातून टाकल्या जाणाऱ्या अमेरिकेच्या बी-61 या बॉम्बला स्वतःच्या अक्षाभोवती फिरवण्यासाठी त्याच्या अंगावर छोटी रॉकेट्स बसवलेली असतात आणि शेपटीला पातळ पंखांसारखे फिन असतात. ही रॉकेट्स पेटल्यावर मिळणारा टॉर्क (फिरवणारा जोर) केवळ थ्रस्टवरून (रॉकेटच्या रेट्यावरून) काढलेल्या आकड्यापेक्षा कमी भरतो, कारण फिनवर उलट दिशेचा टॉर्क निर्माण होतो, असे माझ्या वाचनात आले. रॉकेटचा वायू तर मागे जाता जाता हवेत मिसळून जातो. मग इतक्या मागच्या फिनवर तो परिणाम कसा करतो?

सीमास्तर:
फिनपर्यंत पोहोचतात ते मुख्यतः भोवरे. जेट, म्हणजे रॉकेटच्या वायूचा झोत, बॉम्बच्या पृष्ठभागातून बाहेर पडून आडव्या प्रवाहात शिरते, तेव्हा समोरची हवा त्याला मागे वाकवते आणि त्याच्या कडांवरचे भ्रमण एकवटून परस्परविरुद्ध दिशांनी फिरणाऱ्या दोन भोवऱ्यांची जोडी तयार होते. दोहोंच्या मधली हवा पृष्ठभागापासून दूर ढकलली जाते, तर बाहेरच्या बाजूंची हवा पृष्ठभागाकडे ओढली जाते. जेटचा स्वतःचा जादा वेग लवकर ओसरतो, पण ही जोडी त्याच्या व्यासाच्या कितीतरी पट अंतरापर्यंत टिकून राहते. (जेटच्या मुळाशी नालेच्या आकाराचाही एक भोवरा असतो, तो तुलनेने दुबळा असल्यामुळे येथे बाजूला ठेवतो.)

फिनच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो आडवा वेग. समजा, मुक्त प्रवाहाचा (समोरून येणाऱ्या, विचलित न झालेल्या हवेचा) वेग सेकंदाला 250 मीटर आहे आणि भोवऱ्यामुळे त्यात सेकंदाला 10 मीटरचा आडवा घटक मिसळला, तर तेथील अँगल ऑफ अटॅक (फिन आणि त्यावर येणारी हवा यांतला कोन) सुमारे 2.3 अंशांनी बदलतो. फिन मुळात 2 अंशांनीच तिरपा बसवलेला असेल, तर तेवढ्या पट्ट्यात त्याचे बल उलटेही होऊ शकते. मात्र हा बदल मुळापासून टोकापर्यंत सारखा नसतो. भोवऱ्याच्या केंद्राच्या दोन बाजूंना आडव्या वेगाच्या दिशा विरुद्ध असतात, त्यामुळे भोवरा फिनच्या कोणत्या उंचीवरून जातो यावर सगळे अवलंबून राहते.

प्रवाहरेषा:
मनापासून आभार. मग दोन फिनांच्या बरोबर मधोमध, पृष्ठभागाला लंब असे जेट सोडले, तर दोन्ही बाजूंचे परिणाम एकमेकांना रद्द करणार नाहीत का?

वातायन:
वाहन (येथे बॉम्ब) प्रवाहाशी सरळ रेषेत असेल, तर टॉर्कपुरते ते रद्द होतील, कारण मांडणी सममित आहे. प्रत्येक फिनवरचा भार मात्र राहीलच. शिवाय वाहन फिरवायचे असेल तर नोझल (वायू बाहेर पडण्याचे तोंड) बाजूला कललेले ठेवावेच लागते आणि तिथेच सममिती मोडते. न्यू मेक्सिकोतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेने ट्रान्सॉनिक (ध्वनीच्या वेगाच्या आसपासच्या) विंड टनेलमध्ये, हवेत सोडलेल्या सूक्ष्म कणांची लेझरच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन, या भोवऱ्यांची मोजमापे केली आहेत. या विषयात ते काम मला फार मोलाचे वाटते, कारण एकट्या बलमापनातून फिनवरचा परिणाम दिसतो, पण त्याचे कारण हाती लागत नाही.

सीमास्तर यांच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. जेट आणि मुक्त प्रवाह यांच्या गतिज दाबांचे (घनता आणि वेग यांवरून ठरणाऱ्या दाबांचे) गुणोत्तर वाढले की भोवरे बलवान होतात, पण त्याच वेळी पृष्ठभागापासून दूरही सरकतात; म्हणून थ्रस्ट दुप्पट केल्यावर फिनवरचा परिणामही दुप्पट होईल असे गृहीत धरू नये. वेग तोच असताना उंचावरच्या विरळ हवेत हे गुणोत्तर आपोआप वाढते, तेव्हा एका उंचीसाठी केलेली गणना दुसऱ्या उंचीला तशीच लावता येत नाही.