लेआउट टाकण्याआधी नकाशा बघायचा की जमीन?

लेआउटवाला
नागपूरच्या बेसा, बेलतरोडी, जामठा या पट्ट्यात लेआउट टाकणाऱ्यांची, म्हणजे शेतजमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्यांची, कामं करतो. अजूनही जागा ठरते ती रिंग रोड किती लांब, विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प किती लांब आणि कास्तकार (शेतकरी) किती मागतो यावर. उतार कुठे, नाला कुठे, कोणी विचारत नाही. इस्रोचं उपग्रह-नकाशांचं संकेतस्थळ 'भुवन' 2009पासून सगळ्यांना खुलं आहे. राज्याचं दूरसंवेदन केंद्र, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणारी संस्था, तर आपल्याच शहरात आहे. उतार, नाले, माती आणि गटनकाशा (शेतांच्या हद्दींचा नकाशा) हे थर एकावर एक ठेवून पाहिल्याशिवाय इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देऊच नये, असं माझं ठाम मत आहे.

धरमपेठकर
23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांच्या तळमजल्यात पाणी शिरलं. तलावाचं पाणी नाग नदीतच उतरणार, हे कळायला उपग्रह लागतो का? माहिती होतीच. तुमचे थर बघूनही कोणी सौदा सोडणार नाही.

काळी माती
मला वेगळीच अडचण दिसते. आपल्याकडच्या काळ्या मातीचा राज्यस्तरीय नकाशा 1:2,50,000 प्रमाणाचा आहे. म्हणजे कागदावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर 250 मीटर. पाच एकरांचं लेआउट त्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतं! फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीचंही तेच. अमेरिकेच्या अंतराळ शटलवरच्या रडारने मोजलेली उंची फेब्रुवारी 2000ची, 30 मीटरच्या चौकोनांची. त्यात झाडांचे शेंडे आणि छपरंही मोजली जातात. सहा मीटर रुंदीचा नाला त्यात कुठून दिसणार? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया हलतो. मुरूम किती खाली लागतो हे खड्डा खणूनच कळतं. रंगीत नकाशा दाखवून गिऱ्हाइकाला गार करणारे बघितले की राग येतो.

हिंगणा रोड
अन् भाव? नकाशा ज्याच्या हाती आधी लागते, जमीन तोच घेते बाप्पा. रस्ता कुठून जाणार हे कास्तकाराले कळते तवा सौदा होऊन गेला राहते.

लेआउटवाला
हिंगणा रोड, कबूल, पण मग सगळ्यांना एकाच दिवशी दाखवा, लपवू नका.
काळी माती, तुमचं बरोबर आहे, खड्डा खणायचाच. पण कुठे खणायचा ते कोण सांगणार? मी तर नव्यापेक्षा जुन्या नकाशावर जास्त भिस्त ठेवतो. सर्व्हे ऑफ इंडियाचं जुनं 1:50,000 स्थलदर्शक पत्रक काढा, त्यावर नाल्याची निळी रेघ बघा. मग गूगल अर्थवर जुनी वर्षं सरकवत या. भर घालून सपाट केलेला नाला असा सापडतो. जागेवर उभं राहून तो दिसत नाही, कारण तिथे आता मुरूम आणि प्लॉटचे दगड असतात.

धरमपेठकर
सापडला, पुढे? नदीला 25 वर्षांच्या पुराची निळी आणि 100 वर्षांच्या पुराची लाल पूररेषा असते. तुमच्या त्या बुजवलेल्या नाल्याला कोणतीच रेषा नाही. कागद साफ, अकृषक परवानगी आहे, प्लॉट विकला जातो.

काळी माती
म्हणून तर म्हणते, तो जुना नकाशा लेआउटच्या माहितीपत्रकात छापा. घेणाऱ्याला बघू द्या.

लेआउटवाला
मालकाला विचारलं होतं. म्हणाले, गार्डन आणि मंदिराचा फोटो आहे तेवढा पुरे.