लेड झेपेलिन, लाइव्ह एड, १९८५: दोष एकट्या कॉलिन्सचा नाही

लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत लेड झेपेलिन या रॉक बँडचं वादन फसलं, त्यावर 'ड्रमर कॉलिन्सने वाट लावली' आणि 'चौघांतले तिघे पुन्हा एकत्र दिसले, एवढंच पुरे', असे दोन तट पडलेत. दोन्हींत एक गोष्ट सुटते आहे.

१३ जुलै १९८५ ला फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियमवर ड्रमर दोन होते: टोनी थॉम्प्सन आणि फिल कॉलिन्स. कॉलिन्स त्याच दिवशी लंडनच्या वेम्बलीत वाजवून काँकॉर्ड विमानाने आलेला, बँडबरोबर तालीम नाही. हेडफोन लावून 'रॉक अँड रोल' या गाण्यातला फक्त स्नेअर (कडक 'टक्' वाजणारा ड्रम) ऐका. दोघांचे ठोके किंचित मागेपुढे पडले की एका 'टक्'ऐवजी 'टर्र' येतं आणि तालाची धारच जाते. दोन ड्रमर असले की एकाने मूळ ठेका धरायचा, दुसऱ्याने फक्त भरायचं. ही वाटणी आधी ठरवावी लागते, स्टेजवर नाही.

त्यात गिटारवादक जिमी पेजची गिटार सुरात नव्हती आणि गायक रॉबर्ट प्लँटचा आवाज बसलेला. नीट साउंडचेकही नाही. मॉनिटरमधून (कलाकाराकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरमधून) स्वतःचा आवाज धड ऐकू आला नाही की गायक जोर लावतो, आणि बसलेला गळा जोर लावला की आणखी फाटतो. बँडने लाइव्ह एडच्या २००४ च्या डीव्हीडीत हे चित्रण येऊ दिलं नाही, ते मला पटतं.

तुलनाच करायची तर याच बँडचा १० डिसेंबर २००७ चा लंडनचा कार्यक्रम घ्या. ड्रमवर बँडचा मूळ ड्रमर जॉन बॉनहॅमचा मुलगा जेसन बॉनहॅम एकटा, तालमी भरपूर, काही गाणी मुद्दाम खालच्या पट्टीत. प्लँट तेव्हा ५९ वर्षांचा होता, तरी गळा कुठे ताणलेला वाटत नाही.