विडी कामगारांच्या अक्कांचे चित्र: तैलरंग की ॲक्रिलिक?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या वाचनालयात, विडी कामगार महिलांसाठी आयुष्यभर झटलेल्या दिवंगत अक्कांचे चित्र लावायचे आहे, मात्र हाताशी ओळखपत्रावरचा एकच फोटो आहे. कोणते रंग निवडावेत?

उत्तर १: ॲक्रिलिक लवकर वाळते, तैलरंग थराथराने वाळत असल्याने अखेरचे वॉर्निश सहसा सहा महिन्यांनी किंवा त्यानंतर देतात, म्हणून पुण्यतिथी जवळ असल्यास ॲक्रिलिकच बरे.

उत्तर २: रंगांचे पुढे पाहू, पण तो ताठ चेहरा जसाच्या तसा मोठा करू नये, ही विनंती. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पाने व तंबाखू, हाताशी कात्री असे रेखाटल्यास घरोघरच्या बायका त्यांना ओळखतील. (चित्रातच हार रंगवणे तर नकोच.)

प्रश्नकर्ता: पुण्यतिथीला वर्ष आहे, तेव्हा तैलरंगच. अक्कांचे सूप त्यांच्या लेकीकडे आहे. ते चित्रकाराला नेऊन दाखवतो.