मदत हवी आहे: द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपची शिस्त कशी टिकवावी?

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातल्या आम्ही २२ द्राक्ष बागायतदारांनी ४ वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. प्रश्न विचारायचा तर पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो (डाऊनी या रोगाची पांढरी बुरशी खालच्या बाजूला दिसते), छाटणीपासूनचा दिवस आणि मागच्या दोन फवारण्या लिहायच्याच, असं ठरलं होतं. उत्तर देणाऱ्यानेही स्वतःच्या बागेत केलेलंच सांगायचं.

आता आम्ही १४० आहोत. "पानं पिवळी पडलीत, काय मारू?" एवढंच येतं आणि लगेच पाच औषधांची नावं. त्यातले काही सल्ले देणारे दुकानदार आहेत, हे मला उशिरा कळलं. निर्यातीच्या बागेत काढणीपूर्व प्रतीक्षा काळ (शेवटची फवारणी ते काढणी यांत सोडायचे दिवस) न बघता एक औषध मारलं तरी अवशेष तपासणीत नमुना फेल जाऊ शकतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस यादी मी सारखी टाकतो, पण फार थोडे जण उघडतात.

सगळ्यात जास्त हे लागतं की ज्यांच्याकडून आम्ही शिकलो, ते जुने तीन-चार जण आता बोलतच नाहीत.

कोणी असा ग्रुप सांभाळलाय का? नवीन माणूस घेताना काय विचारता? दुकानदारांना काढावं, की ओळख सांगून बोलू द्यावं? आणि वयाने मोठ्या काकांचं चुकीचं उत्तर सगळ्यांसमोर कसं दुरुस्त करता? ऑक्टोबर छाटणीच्या आधी घडी बसवायची आहे.