मदत हवी आहे: येशूच्या "सर्व अधिकार" मध्ये माझा त्याला न मानणारा मित्र पण येतो का? त्याला काय सांगू?

वावरवाला (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी, जय ख्रिस्त. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. गावात आमची चार घरं ख्रिस्ती, उपासना एका घरच्या ओसरीत होते, पाळक महिन्यातून दोनदा येतात. माझे आजोबा यवतमाळच्या सेमिनरीत (पाळक तयार करायची शाळा) माळीकाम करायचे, तेव्हा काही अडलं की ते सरळ तिथल्या मास्तरांना विचारून यायचे असं बाबा सांगतात, पण ती सेमिनरी १९८३ ला पुण्याला गेली आणि आता विचारावं असं जवळ कोणी नाही, म्हणून इथं विचारतो.

विषय असा आहे. माझ्या वावराला लागून ज्याचं वावर आहे तो माझा लहानपणापासूनचा मित्र. भजनी मंडळात मृदंग वाजवते, दरवर्षी शेगावला पायी जाते. बाबांना लकवा मारला तेव्हा रात्री दोन वाजता त्यानंच गाडी काढून यवतमाळला नेलं, हे मी आधी सांगतो कारण हा काही वाद घालणारा माणूस नाही. मागच्या आठवड्यात रात्रीची लाईन होती, हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, तो जायच्या आधी आमच्या घरी चहाला थांबला आणि भिंतीवरचं बायबलच्या वचनाचं कॅलेंडर त्यानं वाचलं, मत्तय २८:१८ होतं त्याच्यावर, स्वर्गात आणि पृथ्वीवर सर्व अधिकार मला दिला आहे असं प्रभू म्हणतो ते. घरी काही बोलला नाही. बोलला रात्री अकरा वाजता, विहिरीवर.

"काय बे, सर्व अधिकार म्हंजे मी बी आलो का त्याच्यात? मले तं कोणी इचारलंच नाही."

मी म्हटलं, हो, येतो. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणे, "मंग तुमचा राजा म्या मानलं नाही तं काय करते?" मला उत्तरच आलं नाही. तेवढ्यात पाईप बदलायची वेळ झाली आणि विषय तिथंच राहिला पण माझ्या डोक्यातून जाऊन नाही राहिला.

मी घरी येऊन शास्त्र काढून बसलो. योहान १७:२ मध्ये तर स्पष्टच आहे की पित्यानं त्याला सगळ्या मनुष्यांवर अधिकार दिला, फक्त विश्वासणाऱ्यांवर नाही. इफिसकरांस १:२० पासून पुढे सगळ्या सत्ता आणि अधिकार त्याच्या पायाखाली आहेत, आणि ते होऊन गेलं असं लिहिलं आहे, होणार आहे असं नाही. रोमकरांस १४:९ मध्ये तो मेलेल्यांचा आणि जिवंतांचा प्रभू. म्हणजे "ते आमच्यापुरतं आहे रे, तू मनावर घेऊ नको" असं मी मित्राला म्हटलं तर दोस्ती राहील पण ते खोटं होईल, आणि खोटं मला त्याच्याशी बोलायचं नाही.

अडचण दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे तो आज राज्य करत असेल तर तसं दिसत काहून नाही? यंदा सोयाबीन सोंगायच्या टायमाला पाणी थांबलंच नाही, शेंगेतच कोंब फुटले, माझ्याही आणि त्याच्याही वावरात. दुसरी जास्त कठीण. आमच्या भागात "अधिकार" म्हटलं की डोळ्यासमोर जो माणूस येतो तो खुर्चीवर बसलेला असतो आणि आपण दारात उभे असतो. आजोबांच्या बापानं असा अधिकार अंगावर सोसलेला आहे, विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं त्यांना. त्याच शब्दात मी मित्राला येशूची ओळख करून देऊ का? त्याला कुठं ओढायचं नाही, त्यानं विचारलं म्हणून खरं आणि नीट सांगायचं आहे. कोणी याच्यातून गेलं असेल तर लिहा.

निवृत्त मास्तर, अचलपूर

भाऊ, तुम्ही हो म्हणालात ते बरोबरच केलंत. पहिल्या अडचणीपुरतं लिहितो.

प्रेषितांचा विश्वासांगीकार (आपल्या विश्वासाची ठरलेली कबुली) आपण दर रविवारी म्हणतो, त्यातली क्रियापदं एकदा हळू म्हणून पाहा. स्वर्गात चढला, हे झालं. पित्याच्या उजवीकडे बसला आहे, हे चालू आहे. तेथून न्याय करायला येईल, हे व्हायचं आहे. आज आपण मधल्या क्रियापदात राहतो. उजवीकडे बसणं हे स्तोत्र ११० मधलं, नव्या करारात जुन्या करारातलं सगळ्यात जास्त वेळा आलेलं वचन हेच. आणि त्याच वचनात "तोपर्यंत" आहे, तुझे वैरी तुझं पादासन, म्हणजे पाय ठेवायची चौकी, होईपर्यंत बस. बसणारा राजा झालेला आहे पण वैरी अजून शिल्लक आहेत. प्रेषित पौल १ करिंथकर १५:२५-२६ मध्ये हेच धरतो, सगळे शत्रू पायाखाली येईपर्यंत त्यानं राज्य केलं पाहिजे आणि शेवटचा शत्रू मरण. म्हणजे मरण अजून आहे हे पौलालाही दिसतच होतं, तरी तो राज्य चालू आहे म्हणतो.

जुने लूथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) पंडित याचे तीन भाग करायचे: सामर्थ्याचं राज्य सगळ्या सृष्टीवर, कृपेचं राज्य मंडळीत, गौरवाचं राज्य शेवटी. तुमचा मित्र पहिल्यात आजही आहे, तुमच्याइतकाच. ऊन पाऊस दोघांनाही तोच देतो.

अजून एक सांगावंसं वाटते. हे शिक्षण मंडळीनं जास्तीत जास्त कधी मोठ्यानं सांगितलं ते पाहा. ख्रिस्तराजाचा सण पोप अकरावे पायस यांनी ११ डिसेंबर १९२५ ला सुरू केला, पहिलं महायुद्ध होऊन गेलेलं आणि इटलीत मुसोलिनी बसलेला. १९३४ ला जर्मनीत बार्मेन गावी प्रोटेस्टंट मंडळ्यांचे लोक जमले आणि त्यांनी जाहीर केलं की आपल्या जगण्याचा असा एकही भाग नाही जिथं येशूऐवजी दुसरा कोणी आमचा धनी आहे. हिटलरच्या राज्यात हे म्हणणं सोपं नव्हतं. ख्रिस्ताला सर्व अधिकार आहे याचा एक अर्थ असाही होतो की दुसऱ्या कोणाला सर्व अधिकार नाही, साहेबाला नाही, सावकाराला नाही, पाळकालाही नाही. तुमच्या पणजोबांना ज्यानं विहिरीवरून हाकललं त्याला तर नाहीच नाही. हे मित्राला सांगा.

तलाठ्याचा मुलगा, वाशीम

मास्तरांनी पुस्तकातलं सांगितलं, मी वावरातलं सांगतो कारण समोरचा शेतकरी आहे. सातबारा घ्या. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेखच, जमीन कोणाची ते त्यात, आणि नमुना बारा म्हणजे पीकपाणी, त्यात यंदा काय पेरलं ते. आता समजा फेरफार मंजूर झाला, सातवर नवीन मालकाचं नाव चढलं, पण प्रत्यक्षात शेजाऱ्यानं धुरा (बांध) कोरून चार तास (पेरणीच्या ओळी) आत घेतलेले आहेत आणि तो पेरूनच राहिला. नाव चढलं हे खरं का ताबा सुटला नाही हे खरं? दोन्ही खरं. येशू मेलेल्यातून उठला तेव्हा फेरफार झाला. मोजणी आणि ताबा शेवटच्या दिवशी. इब्री २:८ अगदी हेच म्हणते, सगळं त्याच्या स्वाधीन केलं, पण सध्या सगळं स्वाधीन झालेलं आपल्याला दिसत नाही. तुमचं सोयाबीन त्या "दिसत नाही" मध्ये आहे.

वावरवाला

मास्तर, तलाठीभाऊ, फार आभार. सातबाऱ्याचं तर मला लगेच पटलं, त्यालाही पटेल. मास्तरांचं पणजोबांबद्दलचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं, ते बोलू शकत नाहीत नीट पण त्यांनी परत वाचायला लावलं.

नर्सताई, मेळघाट

दादा, मी थोडं अडवते, राग मानू नका. सातबाऱ्याचं उदाहरण "दिसत काहून नाही" याच्यासाठी चांगलं आहे पण मित्राच्या प्रश्नाला ते नका देऊ. त्याचा प्रश्न होता की मला कोणी विचारलं नाही. जमिनीला कोणी विचारत नसते, नाव चढवते आणि मोकळं होते. तुम्ही त्याला सातबारा सांगितला तर तो म्हणेल म्हणजे मी वावर हाय का? आणि ते बरोबर म्हणेल.

तुमची दुसरी अडचण तुम्हीच कठीण म्हटली आणि तिच्यावर अजून कोणी बोललं नाही. मी दवाखान्यात वीस वर्षं काम करते, लोक अधिकारापुढे कसे वागतात ते रोज पाहते. कोरकू बाया डॉक्टरसमोर मान वर करत नाहीत, सगळ्याला हो म्हणतात आणि घरी गेल्यावर गोळ्या घेत नाहीत. त्याच बाईजवळ खाली बसून तिचा पाय धुऊन जखम बांधली की ती खरं बोलते. म्हणून मला योहान १३ फार जवळचं आहे. तिसरं वचन नीट वाचा. पित्यानं आपल्या हाती सगळं दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं, असं आधी लिहिलं आहे. आता आपल्याला वाटते की सगळं हाती आलं तर पुढं काय करेल? तो जेवणावरून उठला, कपडे काढून ठेवले, रुमाल कमरेला बांधला आणि पाय धुवायला बसला. सगळं हाती आलेल्या माणसानं हातात काय घेतलं तर रुमाल आणि पाण्याचं भांडं. आणि त्या पायांमध्ये त्याला पकडून देणाऱ्या शिष्याचे, यहूदाचेही पाय होते, तो त्या रात्री काय करणार आहे हे माहीत असून.

मित्राचा "मानलं नाही तं काय करते" हा प्रश्न मला तिथं सुटल्यासारखा वाटतो. न मानणाऱ्यासोबत तो आज काय करते, तर पाय धुते. न्यायाचा दिवस आहे, ते लपवू नका, प्रेषितांची कृत्ये १७:३१ मध्ये दिवस ठरवलेला आहे असं लिहिलं आहे. पण न्याय करणाऱ्याच्या हाताला खिळ्यांच्या खुणा आहेत हेही त्याच दमात सांगा.

तलाठ्याचा मुलगा, वाशीम

ताई, मान्य. माझं उदाहरण जमिनीपुरतं चालते, माणसाला लावायला नको होतं.

निवृत्त मास्तर, अचलपूर

ताईंच्या बोलण्याला एक जोड. मत्तय २८ मध्ये सर्व अधिकार मला दिला आहे, याच्या पुढचं वाक्य "म्हणून तुम्ही जा" असं आहे, आणि जाऊन काय, तर शिष्य करा, शिकवा. ज्याच्याकडे सगळी सत्ता आहे त्यानं अकरा घाबरलेली माणसं पाठवली, तीही सांगायला. तुमचा मित्र म्हणतो मले कोणी इचारलं नाही. दादा, विचारायचं काम आपल्याकडे दिलेलं आहे, ते आपण केलं नाही म्हणून तो असं म्हणतो. मी माझ्यासकट म्हणतो. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, सोबतच्या शिक्षकांना एकदाही नीट सांगितलं नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटते.

भजनी, कारंजा

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे, धागा वाचत होतो. तुमच्या मित्राच्या जागी मी असतो तर मला काय वाटलं असतं ते सांगतो. तुमचा देव माझ्यावर पण राजा आहे असं कोणी म्हटलं तर पहिल्यांदा जरा टोचते, खोटं कशाला बोलू. पण "सगळे देव एकच आहेत रे" म्हणून कोणी पाठीवर थाप मारली तर मला जास्त वाईट वाटते, कारण त्याला माझ्याशी बोलायचंच नाही असं होते. तुम्हाला जे खरं वाटते ते सरळ सांगा. पटलं नाही तर तो नाही म्हणेल. आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी आहेच.

वावरवाला

परवा रात्री परत लाईन होती. मी मोबाईलवर योहान १३ काढून नेलं होतं, बॅटरीच्या उजेडात त्याला पहिल्या सतरा ओळी वाचून दाखवल्या. आधी सांगितलं की हो, तू पण येतो त्याच्यात, मी पण येतो, तहसीलदार पण येतो, आणि हे मी बदलू शकत नाही कारण तसंच लिहिलं आहे. मग वाचलं.

यहूदाचं आलं तेव्हा त्यानं थांबवलं. म्हणे, "त्याचे बी धुतले?" मी म्हटलं हो, तो उठून गेला ते नंतर. म्हणे, "त्याले माहीत होतं?" मी म्हटलं माहीत होतं. मग तो बराच वेळ काही बोलला नाही, तुषार सिंचनाचा आवाज चालू होता तेवढाच. जाताना म्हणे, "राजा म्हणून नाही पटत मले अजून. पण हे पुरं वाचाले दे."

मला तेवढंच पुष्कळ वाटलं, आणि त्याच्यावर मी पुढं काही बोललो नाही.

आता परत मदत पाहिजे. आमच्या घरी जे आहे ते आजोबांच्या टायमाचं पवित्र शास्त्र आहे, अक्षर बारीक आणि भाषा जुनी, "करावयास" आणि "जाहला" अशी, आणि त्याला चष्मा लागला आहे. मोबाईलवर वाचायला त्याला जमत नाही. योहानाचं शुभवर्तमान एकटं, सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात छापलेलं मिळते का? अमरावती किंवा नागपूरला कुठं मिळेल ते कोणाला माहीत असेल तर सांगा, रविवारी मी कापूस घेऊन तिकडं जाणारच आहे.