छापील कॉमिक्स: अंक संपला, पुस्तक उरेल का?

पानपलटी (धागाकर्ता)

छापील कॉमिक्स टिकणार की नाही या वादात दोन वेगळ्या वस्तूंची कायम गल्लत होते. एक म्हणजे दर आठवड्याला किंवा महिन्याला निघणारा पातळ अंक, आणि दुसरी म्हणजे अख्खी कथा एकत्र बांधलेलं पुस्तक. माझ्या मते अंकाचे दिवस भरलेत. पुस्तकाला मात्र धोका नाही.

पुढे काय झालं ते लवकरात लवकर कळवणं हे अंकाचं काम होतं. ते आता फोन करतो. जपानच्या 'शोनेन जंप' या साप्ताहिकाचा खप १९९५ मध्ये ६५ लाखांवर गेला होता, आज तो त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नाही.

पुस्तकाचं तसं नाही. अख्खं पान वाचकाला एकदम दिसणार, हे धरूनच चित्रकार ते आखतो. कुठली चौकट मोठी, कुठली चिंचोळी, नजर कुठून कुठे जाणार, हे सगळं ठरलेलं असतं. पान उलटण्याआधीच्या शेवटच्या चौकटीत कुणीतरी दचकून मागे बघतं आणि कशाकडे, ते उलटल्यावरच कळतं. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचली की ही सगळी मेहनत वाया जाते.

उभीपट्टी

मेहनत वाया जाते, कारण कागदासाठी काढलेलं पान तुम्ही फोनमध्ये कोंबताय. साधारण १७ बाय २६ सेंटिमीटरचं पान तळहाताएवढ्या पडद्यावर बसवलं तर संवादांचे फुगे वाचताना डोळे बारीक करावे लागणारच. त्याचं खापर पडद्यावर का?

पडद्यासाठीच काढलेली कॉमिक्स वाचून बघा. कोरियात नेव्हर या इंटरनेट कंपनीने २००४ मध्ये वेबटून सुरू केलं. तिथे पान ही कल्पनाच नाही, वरून खाली एक लांब पट्टी असते. दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे मध्ये गेलेला वेळ. कुणी कड्यावरून कोसळत असेल तर आपण अंगठा फिरवत राहतो आणि तो कोसळतच राहतो. कागदावर हे करून दाखवा.

शाईचा_डाग

कशाला करून दाखवायचं? कागदाने पट्टीची नक्कल करू नये, पट्टीने कागदाची करू नये.

माझा मुद्दा वेगळा आहे, मालकीचा. डिजिटल कॉमिक आपण 'विकत घेतो' असं बटणावर लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मिळते ती फक्त वाचायची परवानगी. मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, विकणारं 'जेमांगा' नावाचं संकेतस्थळ २०१३ मध्ये बंद पडलं आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेली पुस्तकं त्यांना वाचता येईनात. 'कॉमिक्सॉलॉजी' हे डिजिटल कॉमिक्सचं दुकान २०१४ मध्ये ॲमेझॉनने घेतलं, २०२२ मध्ये किंडलमध्ये मिसळलं आणि २०२३ च्या अखेरीस ॲपही बंद केलं. प्रकाशक बुडाला म्हणून माझ्या कपाटातून पुस्तक नाहीसं होत नाही.

झूम_करून_बघा

कॉमिक्सॉलॉजीचं उदाहरण अर्धंच दिलंत. तिथली पुस्तकं नाहीशी झाली नाहीत, किंडलमध्ये गेली. वाचायची सोय बिघडली म्हणून लोक चिडले, आणि ते रास्तच होतं.

आणि कपाटाचं फार कौतुक नको. जुनी कॉमिक्स सगळ्यात स्वस्त कागदावर छापली जात. त्या कागदात उरलेल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे पानं पिवळी पडतात, पुढे हात लावला की कोपरे तुटतात. त्यातली कित्येक आज वाचता येतात ती कुणीतरी स्कॅन केली म्हणूनच. माझी नजर अधू आहे. छापील अक्षर मोठं होत नाही, पडद्यावरचं होतं. माझ्यासाठी वाद इथेच मिटतो.

उभीपट्टी

+१. शिवाय धागाकर्त्यांनी जपानचा निम्माच आकडा दिलाय. २०१७ मध्ये तिथे डिजिटल मांगाच्या विक्रीने छापील मांगाच्या *पुस्तकांनाही* मागे टाकलं. म्हणजे ज्या पुस्तकाला धोका नाही म्हणताय, त्यालाच.

पानपलटी

मागे टाकलं म्हणजे मारलं नाही. उत्तर अमेरिकेतही बघा. २०२१ मध्ये, घरोघरी लोक पडद्याला चिकटलेले असताना, कॉमिक्स आणि ग्राफिक कादंबऱ्यांची विक्री दोन अब्ज डॉलरच्या वर गेली. त्यात डिजिटलचा वाटा दहा टक्केही नव्हता.

झूम_करून_बघा

त्या डिजिटलमध्ये फक्त सुटी विकली गेलेली कॉमिक्स मोजली आहेत. महिन्याची वर्गणी भरून वाचणारे त्यात नाहीत, फुकट वाचणारे तर नाहीतच. म्हणजे बहुतेक डिजिटल वाचक तुमच्या हिशेबाबाहेरच.

तिसरी_चौकट

'शोनेन जंप'बद्दल दोन्ही बाजूंना एक विचारायचंय. खप घसरायला लागला तेव्हा स्मार्टफोन होते कुठे? त्यातली 'ड्रॅगन बॉल' ही मालिका १९९५ मध्ये संपली, 'स्लॅम डंक' १९९६ मध्ये, आणि १९९७ मध्ये प्रतिस्पर्धी साप्ताहिक पुढे गेलं. लोकांना हवी ती कथा अंकात राहिली नाही, म्हणून ते गेले. फोन नंतर आला आणि आयता आरोपी मिळाला.

अमेरिकेतही तेच. १९९१ मध्ये 'एक्स-मेन'च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांवर प्रती खपल्या. त्याला वेगवेगळी मुखपृष्ठं होती आणि एकेकाने गठ्ठेच्या गठ्ठे घेतले, पुढे भाव येईल म्हणून. भाव कसला येतो? दुर्मीळ नसलेली वस्तू कोण घेणार? १९९६ च्या अखेरीस 'एक्स-मेन'च्या प्रकाशकाने, मार्व्हलने, दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा डिजिटल कॉमिक्सचा धंदा जवळपास नव्हताच. छापील कॉमिक्सचं सगळ्यात जास्त नुकसान छापणाऱ्यांनीच केलंय.

शाईचा_डाग

बाकी सहमत, पण यात वाचक निर्दोष कसा? गठ्ठे आपणच घेतले की.

पानपलटी

तिसरी_चौकट, घसरणीची सुरुवात कशाने झाली यावर तुमचं म्हणणं पटतंय. पण वाचक परत आला तो अंकाकडे आला नाही, ही गोष्ट उरतेच. 'जंप'च्याच प्रकाशकाने २०१४ मध्ये 'जंप प्लस' हे ॲप काढलं. 'स्पाय × फॅमिली' २०१९ मध्ये तिथे सुरू झाली, साप्ताहिकात नाही. लोकांनी ती आधी फोनवर वाचली आणि मग पुस्तकं घेतली.

उभीपट्टी, तुमच्या वेबटूनांचंही तेच. 'लोर ऑलिम्पस' २०१८ पासून फुकट वाचता येत होती, तरी २०२१ मध्ये तिचं छापील पुस्तक निघालं. पट्टीच्या चौकटी सुट्या करून पानावर नव्याने जुळवाव्या लागल्या. आधी वाचून झालेल्या कथेसाठी लोक एवढे पैसे का मोजत असतील?

उभीपट्टी

आवडत्या गोष्टीची वस्तू हवी असते म्हणून. टी-शर्टही घेतात. त्याला वाचनाचं भवितव्य म्हणू नका.

शाईचा_डाग

टी-शर्ट दुसऱ्याला वाचायला देता येत नाही.

मला विचाराल तर छापील पुस्तकाबरोबर कुलूप नसलेली, म्हणजे कुठेही उतरवून ठेवता येणारी, फाइल मिळावी. 'इमेज कॉमिक्स' या अमेरिकी प्रकाशकाने २०१३ मध्ये अशा फाइली विकायला सुरुवात केली होती, तेव्हा तांत्रिक अडचण कुणी सांगू नये.

झूम_करून_बघा

फाइल दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरेल, चित्रकाराच्या हाती भोपळा.

शाईचा_डाग

फिरतातच आहेत की. कुलूप असलेल्याही फिरतात. अडतो तो फक्त पैसे भरणारा.