मदत हवी आहे: खिशातल्या कॅमेऱ्यात लांब झूम घेऊ की मोठा सेन्सर?

नमस्कार मंडळी. कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायचाय आणि गाडी एकाच प्रश्नावर अडलीये.

एकीकडे १/२.३ इंची सेन्सरवाला (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) कॅनन एसएक्स७४०, ४० पट झूमचा. दुसरीकडे १ इंची सोनी आरएक्स१०० मार्क ७. नावातल्या इंचांवर जाऊ नका. प्रत्यक्ष मापं साधारण ६.२ × ४.६ मिमी आणि १३.२ × ८.८ मिमी आहेत, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्याच अ‍ॅपर्चरला (लेन्स जितकी उघडते त्या मापाला) जवळपास दोन स्टॉपचा, म्हणजे चौपट प्रकाशाचा फायदा.

माझे फोटो बहुतेक घरातले, संध्याकाळच्या दिव्यातले. लहान सेन्सरचा आयएसओ १६०० चा (कमी उजेडासाठी संवेदनशीलता वाढवून काढलेला) फोटो मोठा करून पाहिला की आजीच्या केसांच्या बटा दिसतच नाहीत, नुसता करडा रंग फासल्यासारखं वाटतं. नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, काढताना कॅमेरा बारकावेही पुसून टाकतो, आणि हे मला फार खुपतं. पण पक्षीही तितकेच आवडतात, तिथे सोनीच्या झूमचं २०० मिमी टोक तोकडं पडणार. कॅननचं ९६० मिमी आहे खरं, पण त्या टोकाला अ‍ॅपर्चर एफ/६.९, म्हणजे प्रकाश फारच कमी. भर उन्हाखेरीज ते कितपत कामाचं?

रिको जीआर ३ चा एपीएस-सी (१ इंचीहूनही बराच मोठा) सेन्सर मोहात पाडतो, पण झूमच नाही. बाद.

तर, १ इंची सेन्सरचा फोटो क्रॉप करून पक्ष्याच्या पिसांचा तपशील मिळतो का? एसएक्स७४० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) देत नाही, तसाच लहान सेन्सर आणि लांब झूम असलेला पॅनासॉनिक टीझेड९५ देतो; त्याच्या रॉ फाइलवर नॉइज काढणारं सॉफ्टवेअर चालवून घरातले फोटो सुधारतात का? दोन्ही प्रकार वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा, जमल्यास मूळ फाइलही दाखवा.